काचेमागचं काड

मी गव्हाच्या काडाचा एक गठ्ठा बोलतोय. हसू नका. रानात जळून जायचं सोडून मी एका घराच्या भिंतीत राहिलो आणि चांगला संसार बघून आलो. आता अंगणात पडलोय. इथं माझं ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

कुरुंद्याच्या शिवारात रामजींचं थोडं रान आहे. गहू निघाला की उरलेलं काड पेटवून द्यायचं, ही इकडची रीत. माझंही तेच झालं असतं. पण आदल्या उन्हाळ्यात रामजींच्या बायकोला, सोजराबाईला, पत्र्याच्या घरात ऊन लागलं. चुलीपुढं बसल्या जागी कोसळली बिचारी. दवाखान्यातून घरी आणल्यावर रामजी म्हणाले, "आता ह्या तव्याखाली तुला ठेवत न्हाई." रामजींनी जन्मभर ट्रक चालवला. माल घेऊन कुठल्याशा लांबच्या मुलखात गेले असताना त्यांनी काडाच्या भिंतींचं घर पाहिलं होतं, त्यात दुपारची झोपही काढली होती. ती गार झोप त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

मग काय, लाकडी खोक्यात काड भरायचं, वर उभं राहून तुडवायचं, मग रामजींनी दोरीनं आवळून गाठ मारायची. असे आम्ही गठ्ठे तयार झालो. गुडघाभर दगडी जोत्यावर आम्हाला विटांसारखं रचलं, मधून बांबू ठोकले आणि आतून-बाहेरून शेणामातीचा जाड गिलावा दिला. गाव रोज बघायला यायचं. शेजारचे किसनराव बांधावरून विचारायचे, "रामजी, म्हशीनं घर खाल्लं तर झोपशील कुठं?" रामजी म्हणायचे, "म्हशीच्या पोटात. तिथंबी तुझ्या पत्र्यापेक्षा गारच असंल."

आत खरंच काड आहे यावर पाहुण्यांचा विश्वास बसेना. म्हणून रामजींनी बैठकीच्या भिंतीत वीतभर जागा लिंपलीच नाही, तिथं काच बसवली. त्या काचेमागं मी होतो. माझे बाकीचे भाऊबंद अंधारात गेले आणि मला एकट्याला घर दिसत राहिलं. नशीब म्हणा नाहीतर शिक्षा म्हणा.

घर मात्र झकास झालं. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आत सोजराबाई निवांत ज्वारी निवडायची. लाईट गेली तरी कुणी पदरानं वारा घेत नसे. किसनरावसुद्धा दुपारचे टेकायला यायचे, वर म्हशीची चौकशीही करायचे. दरवर्षी भीमजयंतीच्या आधी दोघं नवराबायको माती तुडवून बाहेरच्या भिंतीवर नवा हात फिरवायचे. पावसाळ्यात भिंतीत थोडी ओल शिरली तरी ती मातीतून हळूहळू निघून जायची. आमच्यासारख्यांना तेवढा श्वास पुरतो.

मग एका वर्षी, नुकता गहू निघालेला असताना, रामजी गेले. चहा पिता पिता गेले, कुणाला तकलीफ दिली नाही. त्यांची तसबीर कुठं लावायची असा प्रश्न आला तेव्हा सोजराबाई म्हणाली, "त्यांच्या काचेवरच लावा. ती जागा त्यांचीच हाय." झालं. त्या दिवसापासून माझ्यापुढं तसबिरीची पाठ आली.

अंधाराची एक गंमत सांगतो. अंधारात माणूस जास्त ऐकू येतो. दिवे लागले की सोजराबाई तसबिरीपुढं पाट घेऊन बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. हळदीला पाणी दिलं, किसनरावाचा गुडघा दुखतोय, पोरगा पुण्याला चल म्हणतोय. "मी जात न्हाई," ती म्हणायची. "तुमी माझ्यापायी हे घर केलं. इथंच ऱ्हाईन, जमंल तवर." ती अगदी माझ्या तोंडाशी बोलायची हो, पण माझ्याशी नाही. मी "व्हय" म्हणायचो, ते तसबिरीच्या पाठीपलीकडं कधी गेलं नाही. एकटेपण म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

पुढं नातवाची, आयुषची, सोयरीक निघाली. मुलीकडचे घर बघायला येणार होते. सोजराबाईचा मुलगा प्रेमानंद चार दिवस आधीच पुण्याहून आला.

"माय, गवताच्या घरात कोन पोरगी दिऊन राहिलंय? बाहेरून सिमेंट मारून घेऊ. खाली टाइल्स लावू."

"त्यांना म्हन, जरा आत बसा. घर कसं हाय ते अंगालाच कळंल."

"पाव्हणे भिंत बघतेत माय, गारवा न्हाई बघत."

मन वाईट नव्हतं त्याचं. लेकाचं लग्न जमावं म्हणून बाप काहीही करतो. सिमेंट झालं, वर चकचकीत रंग झाला, कमरेपर्यंत गुलाबी टाइल्स लागल्या. पाहुण्यांनी भिंतीवर टकटक करून पाहिलं, माना डोलावल्या, चहा-पोहे खाल्ले. लग्न पुण्यात झालं. नवी सून या घरात एकदाही मुक्कामाला आली नाही. टाइल्स मात्र राहिल्या.

पहिल्याच उन्हाळ्यात सिमेंटला बारीक भेगा गेल्या. पावसाळ्यात त्यातून पाणी आत आलं, पण बाहेर जायला वाट नव्हती. खालची रांग आधी भिजली, मग मी. भिजलो, कुजायला लागलो, काळा पडलो, अंगावर बुरशी चढली. काचेला आतून पाणी सुटलं. सोजराबाईला खोकला लागला. घरात कोंदट वास यायला लागला तशी तिनं उंदीर मेला म्हणून फडताळ उपसलं, पेटी हलवली. अगं बाई, इथं बघ, तसबिरीमागं बघ, असं मी किती ओरडलो! प्रेमानंद फोनवर म्हणायचा, "माय, तुझी तब्येत एकटीनं ऱ्हायची न्हाई आता. उन्हाळ्यात येऊन नेतो." आणि तीही आताशा "जात न्हाई" असं ठासून म्हणेना. तसबिरीपुढं नुसती बसून राहायची. ते मला कुजण्यापेक्षा जड गेलं.

परवा रामजींच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. हार घालून टेबलावर ठेवायला सोजराबाईनं तसबीर उतरवली. काच पुसायला लागली आणि थांबली. आतलं काळं काही केल्या पुसलं जाईना.

प्रेमानंदनं जवळ येऊन पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "माय, भिंत गेली ही. घर पाडावं लागंल. चल आता पुण्याला."

सोजराबाईनं काचेवर हात ठेवला. म्हणाली, "वरचं काड कोरडं असंल. खालचं कुजलं. सिमेंट कुणी लावलं हे?"

"मीच, माय."

"मग काढ."

पाहुणे जेवून गेले आणि प्रेमानंदनं छिन्नी-हातोडा घेतला. टाइल्स पडल्या, सिमेंट पडलं. वरचे भाऊबंद खरंच कोरडे निघाले, अजून पिवळेधमक. तळाची रांग आणि मी, एवढेच बाहेर आलो. किसनराव यंदाचं काड घेऊन आले, म्हैस आणली नाही हे मुद्दाम सांगितलं. आज सकाळपासून प्रेमानंद पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माती तुडवतोय. फोन वाजतोय, उचलत नाही. सोजराबाईनं पुण्याचं नाव काढलेलं नाही, त्यानंही नाही.

माझं काय, माझी माती होणार. हळदीच्या वाफ्यात पसरतील मला. चांगलं मरण आहे. तुम्हाला एकच मागणं आहे. मातीचं घर असेल तर त्याला मातीच लावा. आणि घरात एकटं माणूस असेल तर अधूनमधून भिंतीला हात लावून बघा, कुठं ओल आहे का.

आता सोजराबाई माझ्याजवळ येऊन बसली आहे. पसरायच्या आधी दोरी सोडायला हवी. मी पार कुजलो, पण ट्रकवर माल आवळणाऱ्या रामजींची गाठ काही ढिली झालेली नाही. प्रेमानंद विळा घेऊन आला. "दे माय, कापतो."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गाठ त्यांची हाय."

तेव्हापासून ती नखानं गाठ सोडवत बसली आहे, आणि दिवसभराचं सगळं सांगतेय. या वेळी मधे तसबीर नाही. सोजराबाई, सावकाश सोडा. मला घाई नाही.