बोलायचं बटण

भानुदासांनी तीस वर्षं आखातातल्या अल ऐनच्या बांधकाम साइटवर वॉकीटॉकीत "यल्ला, यल्ला!" करत मजुरांना पिटाळण्यात घालवली होती. त्यामुळे लेकीनं, शर्वाणीनं, तिथल्याच घराच्या गच्चीवर आणलेला रेडिओ स्कॅनर हातात घेताच त्यांचा अंगठा बोलायचं बटण शोधू लागला.

"बाबा, इट ओन्ली लिसन्स."

"नुसतं ऐकायचं? मग काय कामाचा हा डबा?"

तिनं स्क्वेल्चचं बटण फिरवून खरखर घालवली. पडद्यावर आकडे भराभर धावले आणि जिथे कुणी बोलत होतं तिथे आपोआप थांबले. अंतराळ स्थानकातून एक बाई शाळेतल्या मुलांना सांगत होती, "आत्ता मी तुमच्या वाळवंटावरून चाललेय."

भानुदासांनी वर पाहिलं. दुपारचं आभाळ रिकामं होतं. त्यांनी डबा कानाशी धरला.

तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ दिलं.