घाईबाईचं स्टूल आणि माझे दात

मित्रांनो, मी करवत आहे. जुनी आहे, हे मीच आधी सांगते, म्हणजे तुम्हाला नाक मुरडून सांगायची तसदी नको. अंगावर गंजाचे दोन डाग आहेत, मुठीला एक चीर आहे. पण दात सगळे शाबूत आहेत. माझ्या वयात किती जणींना असं म्हणता येतं?

लोहाराने मला पोलादाच्या पत्र्यातून कापून काढलं आणि कानशीने एकेक दात घासला. मग एक दात जरासा डावीकडे वाकवला, पुढचा उजवीकडे. दात वाकडे म्हणून तर माझी चाल सरळ.

थोरल्या मिस्त्रींनी मला घेतलं आणि आपल्या पंजाच्या मापाची मूठ मला बसवली. पुढची कितीतरी वर्षं मी दारं कापली, पलंग कापले, पाळणे कापले. गल्लीतले सुतार मला मागायला यायचे. मिस्त्री त्यांना सांगायचे, दात घासायचा ब्रश आणि करवत उसनी देत नसतात. मी खुशीत चकाकत राहायचे.

मग मिस्त्री थकले, कारखाना त्यांच्या लेकीने हातात घेतला आणि विजेचं कटर आलं. काम चिमूटभर, आरडाओरडा गाडाभर. मी खिळ्यावर गेले. एका रंगाऱ्याने तर माझ्या टोकाने रंगाचा डबा उघडला. मी गिळलं, पण विसरले नाही.

आणि मागच्या महिन्यात मिस्त्रींच्या लेकीची भाची धावत कारखान्यात आली. ती नववीत आहे. चप्पल एक दारात, एक रस्त्यात. तिची मावशी तिला घाईबाई म्हणते ते उगाच नाही. शाळेत तिने घरी भांडून सुतारकाम हा विषय घेतला होता. आता प्रकल्प म्हणून स्टूल करायचं होतं. सगळं हाताने करायचं, यंत्र लावायचं नाही. उंची चाळीस सेंटिमीटरच्या खाली गेलेली चालणार नाही, आणि सर स्वतः बसून बघणार. सर अंगाने भक्कम. बाबांनी बजावलं होतं, की स्टूल डुगडुगलं तर पुढच्या सत्रात मुकाट्याने दुसरा विषय घ्यायचा.

मावशीने मला खिळ्यावरून काढलं, तेल लावलं, दातांवर कानस फिरवली. अंगावर असा शहारा आला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी काम!

पण ती मूठ धरणं काय, तो जोर काय! पोरीने मला लाकडात असं रेटलं की मी धनुष्यासारखी वाकले आणि अडकून बसले. मावशी कामावरून मान वर न करता म्हणाली, "करवत जाताना कापते, येताना नुसती परत येते. येताना कशाला तिच्याशी भांडतेस?"

दुसऱ्या दिवशी हात हलका झाला. भुसा उडू लागला, मी गाऊ लागले. चार पाय कापून झाले, वर फळी ठोकली, स्टूल उभं राहिलं. घाईबाई त्यावर बसली आणि स्टूल टक्‌ करून एका बाजूला कललं.

चूक कुठे झाली ते मला माहीत होतं. दात माझेच होते ना. तिने दुसऱ्या पायाचं माप पहिल्यावरून घेतलं, तिसऱ्याचं दुसऱ्यावरून आणि चौथ्याचं तिसऱ्यावरून. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढी भर पडत गेली. अहो, सगळी मापं पहिल्यावरूनच घ्यायची असतात. नाहीतर एकाने सांगितलेलं दुसऱ्याने तिसऱ्याला सांगावं, तसं माप वाढत जातं.

त्यात पोरगी मावशीला न विचारता लांब पाय कापायला बसली. तो जास्त कापला गेला, म्हणून दुसरा कापला, मग तिसरा. मी कुरकुरले, अडकले, पण ऐकतंय कोण? बेचाळीसचं स्टूल साडेचाळीसवर आलं आणि तरीही टक्‌ टक्‌ चालूच. मग ती भुशातच मांडी घालून बसली. डोळे भरलेले. "मावशी, तूच काप ना आता."

मावशीने कटर बंद केलं. "मी कापलं तर सर माझ्या स्टुलावर बसतील."

पण युक्ती तिने सांगितली. सपाट फरशीवर स्टूल ठेवायचं. आखूड पायाखाली कागदाच्या घड्या सरकवून त्याचं डुगडुगणं थांबवायचं. मग पेन्सिल फरशीवर आडवी ठेवून चारी पायांभोवती फिरवायची. रेघ सगळीकडे एकाच उंचीवर येते. तिथेच कापायचं, आणि एकदाच.

मित्रांनो, नखाएवढा पातळ तुकडा कापायचा म्हणजे जिवावरचं काम! मी घसरू नये म्हणून तिने पायाला एक टाकाऊ ठोकळा आवळून बांधला. पहिला पाय सरळ उतरला. दुसराही. तिसऱ्याला माझे सगळे दात एका सुरात चालले. चौथ्याला पोरीची घाई उसळली. मी लगेच अडून बसले. या वेळी तिने मला रेटलं नाही. थांबली, श्वास घेतला, हात सैल सोडला. मग मी अशी गेले, अशी गेले, की रेघ केसभरही सोडली नाही!

स्टूल फरशीवर ठेवलं. मावशीने चारी कोपरे दाबून पाहिले आणि पुन्हा आपलं कटर सुरू केलं. तिच्याकडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी.

शाळेत हत्यारंही दाखवायची होती, म्हणून मी पिशवीतून गेले. सरांनी पट्टी लावली. चाळीस आणि वर एक रेघ. मग ते बसले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. घाईबाईने माझी मूठ इतकी घट्ट धरली की चीर आणखी वाढायचीच बाकी होती. टक्‌ झालं नाही. सरांनी हातातली वही मांडीवर उघडली आणि म्हणाले, "पुढचं स्टूल आणा." उठलेच नाहीत! बाकीच्या वर्गाची सगळी स्टुलं त्यांनी तिथेच बसून तपासली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी पडून असेल तर तिला खाली काढा. काम झालं की पुसा, तेलाचं बोट फिरवा, कोरड्या जागी ठेवा. आणि नवख्या हातात द्यायला भिऊ नका. तो हात चुकेल, आम्ही कुरकुरू, दोघंही शिकू. बरं, आता मला सोडा. घाईबाई आलीय, सोबत वर्गातली एक मैत्रीण आहे, आणि दोघींच्या खांद्यावर मिळून एक लांबलचक फळी आहे.