घोट्याइतकं पाणी

पुराच्या पाण्यात माणसामाणसांतले सगळे भेद वाहून जातात, असं आमच्या नगराध्यक्षबाई गुडघाभर चिखलात उभ्या राहून म्हणाल्या आणि गावाच्या पुनर्बांधणीला सुरुवात झाली. विमा कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की पाण्यापाण्यांतले भेद शाबूत आहेत. आभाळातून पडून घरात शिरलेलं पाणी विम्यात बसतं, नदीतून आलेलं बसत नाही. नदीचाही विमा मिळतो, पण न्यू साउथ वेल्सच्या आमच्या कोपऱ्यात त्याचा हप्ता भरायचा तर आधी घर विकावं लागतं.

मर्ल हॅनराहनने तो भरला नव्हता. पूर ओसरल्यावर स्वयंसेवकांनी तिच्या घराच्या भिजून फुगलेल्या भिंती उखडल्या, रस्त्याकडेला रचल्या, सॉसेज भाजून खाल्ले आणि ते पुढच्या घरी गेले. मर्ल अंगणातल्या चाकांवरच्या उसन्या कॅरॅव्हानमध्ये राहू लागली. पाणी आधी मागच्या टेकडीवरून, म्हणजे पावसाचं, आलं हे सिद्ध झालं, तरच घर परत उभं राहणार होतं. ती स्वतः तेव्हा चर्चच्या सभागृहात होती. पाहणारा एकच, शेजारच्या छपरावर अडकलेला क्लॅरी टूही.

अडचण अशी की क्लॅरी म्हणजे गावाचा नदी-ज्योतिषी. आदल्या संध्याकाळी त्याने पबमध्ये जाहीर केलं होतं की उजाडायच्या आत नदी आपल्या गल्लीत येणार, आणि फटफटायला लागलं तेव्हा गल्लीत पाणी होतं. तेव्हापासून त्याला बिअरसाठी खिशात हात घालावा लागला नव्हता. पूर समितीसाठीही त्याचं नाव घेतलं जात होतं.

खोटं बोल, असं मर्ल म्हणतच नव्हती. टेकडीचं पाणी तिच्या मागच्या दारातून आत जाताना आपण पाहिलं, हे तो तिच्यापाशी कबूल करायचा. चारचौघांत मात्र त्याला नदीच पहिली हवी होती.

"नदी तुझीच राहू दे, क्लॅरी," ती म्हणाली. "मला फक्त टेकडीचं पाणी दे."

"अगं, पबमध्ये सगळ्यांना सांगून बसलोय."

"मग त्यांनाच सांग, हिचं घर बांधून द्या."

कंपनीच्या जलतज्ज्ञ डॉ. निकोलिच आल्या, तेव्हा ऐकायला निम्मी गल्ली मर्लच्या अंगणात जमली होती. पबचा मालकही होता. क्लॅरीने टोपी काढली, पुन्हा घातली.

"आधी टेकडीचं पाणी आलं," तो म्हणाला. "नदी नंतर. माझा अंदाज चुकला होता."

मर्ल कॅरॅव्हानच्या पायरीवर बसली आणि बाहीने डोळे पुसत राहिली. पबच्या मालकाने घड्याळाकडे पाहिलं.

पण एकदा खरं बोलल्यावर माणसाला त्याची चटक लागते. नदी येऊन पोचली तेव्हा घरात टेकडीचं पाणी साधारण किती होतं, असं निकोलिचबाईंनी विचारलं. इतर कुणी खांदे उडवले असते. क्लॅरीने डोळे मिटून नीट आठवलं.

"घोट्याइतकं," तो म्हणाला.

कंपनीने त्याच्या शब्दाशब्दावर विश्वास ठेवला. घोट्यापर्यंतचं पाणी पावसाचं, तिथून छपरापर्यंतचं नदीचं. मर्लला भिंतीच्या बुडाशी ठोकायच्या लाकडी पट्ट्यांचे पैसे मिळाले. भिंतींचे मिळाले नाहीत.