ब्रेकबद्दल कुणी बोललंच नाही

वकीलबाईचा राग कंपनीत प्रसिद्ध होता. वर्कशॉपमधली माणसं पाठीमागे तिला मिरची म्हणत. तोंडावर म्हणायची छाती मात्र कुणाची नव्हती. त्या सकाळी ती भडकली ती एका शून्यावरून.

कंपनी घरचीच. लिफ्ट बसवायच्या आणि नंतर त्यांची देखभाल करायची, हा धंदा. दुरुस्तीची माणसं काकांच्या हाताखाली. संगणक, फोन, सगळी यंत्रणा काकांच्या जावयाकडे. कोर्टाची कामं काकांच्या पुतणीकडे, म्हणजे हिच्याकडे. तिघांच्या खोल्या शेजारी शेजारी, मध्ये फक्त काचा. दुपारी डबे एकत्र उघडले की पोरांच्या परीक्षा निघायच्या, काकूचे गुडघे निघायचे, पण कामाचं कुणी कुणाला विचारायचं नाही. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, ही काकांची शिस्त होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान.

आता याच कंपनीविरुद्ध मिस्त्री कोर्टात गेला होता. काकांचा सगळ्यात जुना कारागीर. एका इमारतीत काम करताना ब्रेक सुटला, लिफ्ट खाली आली आणि त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तो म्हणत होता, ब्रेक धरत नाही हे मी आधीच कळवलं होतं. पण फोन कंपनीचा, तो अपघातानंतर परत गेलेला, त्यामुळे दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. कंपनी म्हणत होती, काही कळवलं नव्हतंस, हलगर्जीपणा तुझाच. कोर्टाने हुकूम काढला: अपघाताआधीच्या महिन्यातला ब्रेकबद्दलचा सगळा संवाद, कुठल्याही स्वरूपातला, कंपनीच्या संगणकांतून आणि फोनमधून शोधून समोरच्या वकिलाला द्या, आणि शोध प्रामाणिकपणे केलाय असं शपथेवर लिहून द्या. त्या शपथेखाली सही वकीलबाईची होणार होती.

तिने जावयाला शब्दांची यादी पाठवली होती. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: शोध पूर्ण, सापडलं शून्य. काका खूश झाले. "बघ, मी काय सांगत होतो? कर सही आणि मोकळी हो."

तिने पेन उचललं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिफ्टची कंपनी, आणि महिनाभर एकाही माणसाने ब्रेक हा शब्द काढला नाही? बेकरीत महिनाभर कुणी पीठ म्हणालं नाही असं सांगितलं तर शेंबडं पोर तरी ऐकून घेईल का? ती तशीच उठली आणि दार न वाजवता जावयाच्या खोलीत घुसली.

"जावईबापू, हे शून्य कुठून आणलंत?"

"ताई, तुम्ही दिलेले शब्द टाकले, नाही सापडले. आता काय शब्द मी घरून आणू?"

"कशात शोधलंत?"

"तुमच्या पत्रात होतं, ईमेल आणि लेखी मेसेज. त्यातच शोधलं."

"आणि लेखी नसलेलं?"

जावई खुर्चीत जरा सावरून बसला. "व्हॉइस मेसेज आहेत की. ढीगभर आहेत. पण ते आवाज, ताई. आपल्याकडे त्यात शब्द टाकून शोधता येत नाही, बसून ऐकावे लागतात. तुम्ही मागितले नव्हतेत."

"पाठवतं कोण ते?"

"अख्खं वर्कशॉप."

तिने काचेवर थाप मारून काकांना बोलावलं. काका चहाचा कप घेऊनच आले. प्रश्न ऐकून त्यांना हसूच आलं. "अगं, हात ग्रीसने बरबटलेले, एक पाय शिडीवर, तिथं काय निबंध लिहीत बसायचं? बटण दाबायचं, बोलायचं. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नव्हतं ठाऊक!"

"मग तू विचारलंस कुठं?"

तिने आपली यादी पुन्हा वाचली. यादीत तिने घातलं होतं 'ब्रेक यंत्रणेतील बिघाड'. असं जन्मात कुठला मिस्त्री बोलेल? कोर्टाने म्हटलं होतं 'कुठल्याही स्वरूपातला', आणि पत्र लिहिताना त्याचं 'लेखी' तिनेच करून टाकलं होतं, कारण लेखी तपासायला सोपं. तिला स्वतःच्याच मुस्कटात दोन माराव्याशा वाटल्या.

"एक सांगायचं राहिलं," जावई म्हणाला. "जुने आवाज जागा खातात, म्हणून यंत्रणा ते आपोआप पुसते. त्या महिन्यातले या शनिवारी जाणार आहेत."

"काहीही पुसू नका, असं मी सगळ्या विभागप्रमुखांना कळवलं होतं!"

"मी कुठं विभागप्रमुख आहे?"

खरंच नव्हता. जावयाला पद दिलं तर भाऊबंद काय म्हणतील, या धास्तीने काकांनी त्याला कामं सगळी दिली आणि पद दिलं नाही. काकांना मात्र ती सूचना मिळाली होती. त्यांना वाटलं, ही ऑफिसवाल्यांसाठी असेल.

"वा!" वकीलबाई ओरडली. "ज्याला कळवलं त्याला वाटलं दुसऱ्यासाठी आहे, आणि ज्याच्या हातात बटण त्याला कळवलंच नाही! एका माणसाचा पाय गेलाय, आणि आपण तिघं काचेतून एकमेकांची तोंडं बघतोय! बसा इथंच. दोघंही."

बसले. जावई मेसेज लावत होता, काका वर्कशॉपची बोली उलगडून सांगत होते, ती टिपून घेत होती. इतक्या वर्षांत तिघं कामासाठी एका टेबलाशी पहिल्यांदाच आले होते. बराच वेळ नट, तेल, सुट्ट्या आणि चहाच चालला. मग मिस्त्रीचा आवाज आला.

"काका, ह्या लिफ्टचा ब्रेक धरत नाहीये हो. घसरतोय. लिफ्ट बंद ठेवतो, ब्रेकचं लायनर झिजलंय, नवीन पाठवा."

आणि लगेच काकांचा. "बंद काय ठेवतोस! लोक जिने चढून मला शिव्या घालतायत. चालू ठेव, तेवढं सांभाळून घे. लायनर पुढच्या आठवड्यात बघू."

काकांचा चहा टेबलावर तसाच निवत होता.

"मी असं दिवसातून दहादा बोलतो," काका शेवटी म्हणाले. "मला आठवत नव्हतं. शप्पथ."

तिला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच ती आणखी चिडली. ज्या वाक्याने माणूस आयुष्यातून उठला, ते वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षातही राहू नये!

काकांनी आवाज खाली आणला. "पत्रात तू लेखी म्हटलंस. जावईबापूंनी लेखी शोधलं. मग शून्य खोटं कुठंय? शनिवारी जे व्हायचं ते होऊ दे."

"काका!"

"घरचीच ना गं तू?"

"घरची आहे म्हणूनच मान खाली जातेय माझी! परक्याने केलं असतं तर नुसती चिडले असते!"

ती जावयाकडे वळली. त्याने सासऱ्यांकडे न बघता सांगितलं, "पुसणं मी बंद केलंय, ताई. तुम्ही मघाशी ओरडलात तेव्हाच." काका उठून गेले. दार त्यांनी आपटलं नाही, आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

शनिवारी ती स्वतः समोरच्या वकिलाच्या ऑफिसात गेली. मिस्त्री कुबडी भिंतीला टेकवून बसला होता, शेजारी त्याची बायको. वकिलाने आवाज लावला. मिस्त्रीने ऐकलं आणि नुसती मान डोलावली. बायकोने मात्र पुन्हा लावायला सांगितलं, पण फक्त नवऱ्याचं बोलणं. मग आणखी एकदा.

"इतके महिने मी ह्यांना बोल लावले," ती म्हणाली. "म्हटलं, कळवलं असतंत तर आपल्यावर ही वेळ आली नसती. हे सांगत होते, मी कळवलंय. मला वाटलं, अंगावर आलं म्हणून सांगतायत. पोरांसमोर खोटारडे म्हणाले मी ह्यांना."

मिस्त्री म्हणाला, "असू दे गं."

"काय असू दे?" ती कडाडली आणि वकीलबाईकडे वळली. "हे तुमच्याकडंच होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मग?"

सांगण्यासारखं जे होतं ते खरं होतं, आणि ते इतकं फालतू होतं की तोंडातून निघता निघेना.

"आम्ही एकमेकांना विचारलं नाही," ती म्हणाली.

मिस्त्रीची बायको तिच्याकडे बघतच राहिली.

"एकाच घरातले ना तुम्ही?"