मागचा

"पिन गंजलीय. निघायची नाही," मागचा म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

साडूनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरमागच्या दांड्याच्या पिनेकडे, आणि अंगठ्यानं ती नुसती ढकलली. पिन सुळकन बाहेर आली. साडूच्या बोटांना ताजं ग्रीस लागलं. रोज सकाळी त्या पिनेला ग्रीस लावायचं काम मागच्याचंच होतं, आणि आज सकाळीही ते त्यानं न चुकता केलं होतं. चांगल्या सवयी माणसाला कुठे तोंडघशी पाडतील, सांगता येत नाही.

"वा, साडूभाऊ," साडू फडक्याला बोटं पुसत म्हणाला, "असा गंज सगळ्यांच्या मशिनींना चढू दे."

मागच्याची बायको ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकून उभी होती. ती हसली. फार नाही, नाकातल्या नाकात. पण तेवढ्यानं मागच्याच्या सकाळची माती झाली.

त्याला नाव होतं, नाही असं नाही. पण कामावर ते कुणी घेत नसे. मैदानं, आवारं, कच्चे रस्ते सपाट करून देण्याचं या नवराबायकोचं काम. ट्रॅक्टर ती चालवायची, म्हणून ती ड्रायव्हरीणबाई. हा ट्रॅक्टरच्या मागून चालायचा, म्हणून हा मागचा. "जरा मागच्याला विचारून सांगा हं बाई," असं कुणी म्हटलं की त्याची छाती दोन बोटं फुगायची.

आणि का फुगू नये? ट्रॅक्टर छोटा, बागेच्या फाटकातून जाईल एवढा. त्याच्या मागे लोखंडी पातं लावलेलं. खालचे दोन हात ते पातं वरखाली करायचे. पण पात्याचा कल ठरवायचा तो वरचा एकटा दांडा, टॉपलिंक. त्याच्या मधल्या नळीला पीळ दिला की दांडा आखूड व्हायचा आणि पातं नाक खुपसून माती उकरायचं. उलटा पीळ दिला की लांब व्हायचा आणि पातं माती सारवत जायचं. सगळी करामत त्या पिळात होती, आणि पीळ मागच्याच्या मनगटात होता.

ती सीटवरून कधी वळून पाहायची नाही. डावा हात खांद्याच्या वर उचलायची. तळवा पुढे लोटला की आखूड कर, मागे ओढला की लांब कर. जितकी बोटं, तितके अर्धे पीळ. ट्रॅक्टर क्षणभर थांबायचा, हा ट्रॅक्टर आणि पातं यांच्या मधल्या फटीत शिरून नळी फिरवायचा, बाहेर यायचा आणि ट्रॅक्टर निघायचा. घरी अबोला असला, भांड्यांची आदळआपट चाललेली असली, तरी मैदानावर हात वर जायचाच. लग्न झाल्यापासून तोंडानं जेवढं बोलून झालं असेल, त्याच्या कितीतरी पट त्या हातानं झालं होतं.

आता त्या दांड्याच्या जागी साडू हायड्रॉलिक सिलिंडर बसवत होता. सीटशेजारी एक लिव्हर, तिथून मागे गेलेले दोन काळे पाइप. सीटवर बसल्या बसल्या लिव्हर हलवायचा, की तेलाच्या दाबानं सिलिंडर आपोआप लांब-आखूड. मध्ये माणूस नको. सिलिंडरचा दांडा चांदीसारखा चकचकत होता. तो दिसायलाही देखणा असावा, हे मागच्याला फारच झालं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फिटर. स्वतःची गाडी, गाडीत रांगेनं लावलेले पाने, आणि काम करताना शीळ घालायची सवय. सासूबाईंचा मिक्सर, सासऱ्यांचा पंप, मेहुण्याची मोटरसायकल, सगळं यानंच नीट केलेलं. हा घरात शिरला की मशिनी आपल्या आपण वळणावर येत. बरं, कुणाकडून पैसेही घ्यायचा नाही, त्यामुळे लोभी म्हणून नावं ठेवायचीही सोय नव्हती. मागच्यानं पुष्कळ वर्षं त्याच्यात खोट शोधली होती. सापडली नव्हती, म्हणून तो आणखी आवडत नव्हता.

"ताई, बसा आता," साडूनं पाइप खटकन बसवले. एकाला लाल चिकटपट्टी, एकाला पिवळी. "ही कडी मागे ओढली की पाइप निघतो, सोडली की बसतो. आणि लिव्हर ओढला की आखूड, ढकलला की लांब. सगळीकडे असंच असतं."

ती बसली. शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत तिनं ट्रॅक्टर घातला. जिथे उकरायचं तिथे पातं नुसतं सारवत गेलं, आणि जिथे सारवायचं तिथे नाक खुपसून बसलं. पाहता पाहता जागेची दशा झाली. मागच्याला इतकं बरं वाटलं की तो चेहरा शक्य तितका गंभीर करून साडूच्या तोंडाकडे पाहत राहिला. साडूच्या कपाळावर आठी आली की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं. आठी आली. तेवढ्यात तिनं सवयीनं हात वर केला आणि हा सवयीनं पुढे सरला.

"साडूभाऊ, आता तिकडे जायचं नाही," साडूनं त्याला दंडाला धरून मागे घेतलं. "आता लांब उभं राहायचं. आरामात."

त्या 'आरामात'नं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"होईल सवय," ती खाली उतरत म्हणाली.

"होणार तर. हात बसायला वेळ लागतोच," साडू म्हणाला. "उद्या शाळेच्या मैदानावर येतो मी. बघू कसं चालतंय."

जेवताना मागचा गप्प होता. त्याच्या गप्प बसण्याचे दोन प्रकार होते, एक दमल्याचा आणि एक रुसल्याचा, आणि हा दुसरा होता. तिनं तो ओळखला आणि वाढायची थांबली.

"बोला काय ते."

"आता मी काय करायचं?"

"गुडघा सांभाळायचा."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"मग पायरी उतरताना आईला हाक कशाला मारता?" ती म्हणाली. आणि मग ताटाकडे पाहत, "त्या उतारावर ट्रॅक्टर मागे सरकला होता, आठवतं? तुम्ही मध्ये होतात."

"वीतभर सरकला असेल."

"माझा पाय ब्रेकवर होता. ब्रेकवर होता, तरी सरकला. तेव्हापासून हात वर करायचा म्हटलं की मला भीती वाटते. तुम्ही आत शिरलात की बाहेर येईपर्यंत मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरते. मागे बघायचं धाडस होत नाही."

हे ऐकून दुसरा कुणी विरघळला असता. मागच्याला मात्र भलतंच काहीतरी टोचलं.

"हे साडूला माहीत आहे?"

"त्यांना सांगितलं म्हणून तर त्यांनी हा सिलिंडर शोधून आणला."

"म्हणजे आधी त्याला सांगितलंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता."

"मी नसतो हसलो."

"आत्ता वीतभर म्हणताना काय करत होता?"

तो हसला होता, हे खरं होतं. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे कळूनही तोंडाला लावला. काम गेलं ते एक वेळ गेलं. पण तिची भीती, तीही त्याच्यासाठी वाटलेली भीती, त्याच्या आधी साडूला कळावी? त्याच्या घरातला सगळ्यात चांगला दागिना त्याला न दाखवताच कुणी शेजारी दाखवून आणला होता. साडूचा त्याला यापूर्वीही हेवा वाटला होता, पण तो पंपाचा आणि मिक्सरचा. हा निराळा होता. हा घशाखाली उतरत नव्हता.

सकाळी ती आत पाण्याच्या बाटल्या भरत असताना मागचा ट्रॅक्टरजवळ गेला. ग्रीसचा डबा हातात होता, पण आता ग्रीस लावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. त्यानं लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून पाइपातला दाब सोडला. हे काल साडूनं केलेलं त्यानं पाहून ठेवलं होतं. लाल पट्टीच्या पाइपाची कडी मागे ओढली, पाइप निघाला. मग पिवळ्याचा. लाल पिवळ्याच्या जागी, पिवळा लालच्या जागी. खटक, खटक. काल ती निदान थोडंफार शिकली होती, आज तेही उलटं होणार. साडूच्या देखत, मुख्याध्यापकांच्या देखत पातं नको तिथे खुपसलं जाणार, आणि तीच वैतागून म्हणणार, काढा हे, माझा जुना दांडा द्या. जुना दांडा त्यानं पुसून हत्यारांच्या पेटीत सगळ्यात वर ठेवला.

मैदान शाळेच्या मागे होतं, गटाराच्या बाजूला किंचित उताराचं. शिपायानं फाटक उघडलं. तिनं ट्रॅक्टर एका कोपऱ्यात लावला, टोपी घातली आणि पातं खाली सोडलं. मागचा कुंपणाशी उभा राहिला.

पहिल्या उंचवट्याशी आल्यावर तिचा डावा हात लिव्हरवर गेला आणि पुढे लोटला गेला. सिलिंडर आखडला. पात्यानं नाक खुपसून उंचवटा कापला. तिनं ट्रॅक्टर थांबवला आणि लिव्हरकडे पाहिलं. हात मागे ओढला, सिलिंडर लांबला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग ती निघाली, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत थांबली नाही.

कुंपणाशी उभ्या उभ्या मागच्याच्या हळूहळू ध्यानात आलं. तळवा पुढे म्हणजे आखूड, मागे म्हणजे लांब. तिच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. काल तो हात चुकत होता, तो याच्यामुळे. आणि ते काल त्याला दिसलं नव्हतं, कारण काल तो साडूची आठी पाहण्यात गुंतला होता. इतक्या वर्षांत तिच्या हाताकडे पाहायचं राहून गेलं, असा तो एकच दिवस.

साडू आला तेव्हा निम्मं मैदान झालं होतं. त्यानं गाडीतून उतरल्या उतरल्या मान तिरकी केली.

"ताई, थांबा. पाइप उलटे लागलेत. बदलून देतो."

"हात लावू नका," ती म्हणाली. "उलटं काल होतं. आज बरोबर आहे."

मग ती सीटवर पूर्ण वळली. कामावर असताना ती अशी वळल्याचं मागच्याला आठवत नव्हतं.

"अहो, हे तुम्ही केलंत ना?"

त्यानं हो आणि नाहीच्या मधली अशी मान हलवली.

"मला वाटलंच. माझा हात कसा चालतो, ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की त्याला तिकडे पाहवेना. "आणि काल उगाच रागावून बसला होता."

साडूनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "मानलं, साडूभाऊ. हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

साडूच्या तोंडून असलं वाक्य ऐकायला त्याचे कान किती वर्षं आसुसले होते. आज ते आलं, तेही बायकोसमोर आलं, आणि त्याला खाली मान घालून बुटाची नाडी बांधावी लागली. नाडी सुटलेली नव्हती. खरं काय ते सांगून टाकावं असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण मग तिच्या चेहऱ्याचं काय झालं असतं? त्यानं ते गिळलं. साडू शीळ घालत निघून गेला.

शिपायानं वर्गातून एक खुर्ची आणून झाडाखाली ठेवली. "बसा की. आज मागे जायचं नाही वाटतं?"

"आज नाही," मागचा म्हणाला आणि बसला.

बसून तो मैदान पाहू लागला. कुठे एखादा उंचवटा राहिला आहे का, कुठे पातं खोल गेलं आहे का, हे त्यानं डोळे बारीक करून शोधलं. नव्हतं. उतार गटाराकडे अगदी हवा तसा, मुलांच्या पायांना कळणार नाही इतका हलका गेला होता. पूर्वी तो आत शिरायचा, तिथे ट्रॅक्टर थांबल्याची एक बारीक रेघ मातीवर राहायची. ती आता कुठेच नव्हती. काम त्याच्या वेळेपेक्षा चांगलं होत होतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

ऊन चढलं. ट्रॅक्टर मैदानाच्या मधोमध होता, तेव्हा तिनं डावा हात खांद्याच्या वर उचलला.

मागचा उठला. गुडघ्याला न विचारता तो बरीच पावलं चालूनही गेला, आणि जाता जाता त्याचं मनगट वळलं.

तिनं टोपी कपाळावर ओढून घेतली आणि हात परत लिव्हरवर ठेवला. ट्रॅक्टर पुढे गेला.

तो भर मैदानात उभा राहिला. परत खुर्चीकडे जावं, तर शिपाई बघत होता. म्हणून तो खाली वाकला, सपाट मातीवरचा एक खडा शोधून उचलला आणि कुंपणाबाहेर टाकायला घेऊन गेला.