जावयाची उशी

कच्छातल्या मांडवीत जावयाला ‘नको’ म्हणायची पद्धत नाही. त्याने चौथी पुरी नाकारली की पाचवी वाढतात, आणि त्याने काही आणलं तर ते देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. म्हणून राजकोटच्या किरीटकुमारांनी सासऱ्यांसाठी लोहचुंबकाची उशी आणली, तेव्हा रळियातबेननी ती दोन्ही हातांनी घेतली आणि जीभ दातांखाली धरली.

कारण त्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमान लाभशंकरभाई यांच्या मेंदूत पाणी साठत असे. पाय जमिनीला चिकटत, नावं विसरत. भुजच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्यातून पोटापर्यंत, कातडीखालून, एक बारीक नळी घातली आणि कानामागे तिची इवलीशी झडप बसवली. “पाणी किती वाहू द्यायचं ते आम्ही बाहेरून चुंबकाने जुळवतो. तेव्हा घरातलं चुंबक डोक्यापासून लांब!” असं बजावलंही. तेव्हापासून म्हातारबुवा नदीकाठी बांधली जाणारी लाकडी जहाजं बघायला एकटे जाऊ लागले होते.

“बापूजी, यावर झोपा. आमची निम्मी सोसायटी यावरच झोपते!”

“आणि उरलेली निम्मी?”

“त्यांना अजून भेटायचंय मला,” किरीटकुमार प्रामाणिकपणे म्हणाले.

झोप छान लागू लागली. फारच छान. लाभशंकरभाईंना वाटे, अंगणात भरतीचं पाणी आलंय आणि खाट हलकेच तरंगतेय. अर्धी बांधलेली जहाजं उघड्या बरगड्यांनिशी दारातून आत येत, शिडांच्या सावल्या भिंतीवरून सरकत. कुणी हाक मारी, ती पाण्याखालून यावी तशी येई. उठावंसं वाटे, पण पाय नांगरलेले. त्यात दुःख अजिबात नव्हतं, आणि भिण्यासारखं होतं ते हेच.

“वय झालं, बेन,” शेजारी म्हणाले. रळियातबेननी गुपचूप उशी उचलली, तर लेक हर्षिदा फोनच्या पडद्यावर: “बा, उशी दाखव ना, हे विचारतायत!” उशी परत डोक्याखाली.

एका सकाळी लाभशंकरभाईंनी चहा आणणाऱ्या बायकोला अदबीने विचारलं, “बेन, तुम्ही कुणाकडच्या?”

बशीतला चहा सांडला.

भुजला गाडी राजकोटहून धावून आलेल्या किरीटकुमारांनीच चालवली. डॉक्टरीणबाईंनी कानामागे यंत्र धरलं. “झडप फिरलीय. घरात चुंबक आहे?”

किरीटकुमार पंखा बघू लागले. रळियातबेननी जावयाकडे पाहिलं, मग यजमानांकडे. ते परक्या बाईकडे बघून हसावं तसे हसले.

“आहे!” त्या ओरडल्याच. “उशीत आहे! मला ठाऊक होतं! जावयाचा मान राखला मी, आणि यांचं डोकं घालवायला बसले!”

“बा, एकदा सांगायचं तरी!” किरीटकुमार पांढरेफटक पडले होते.

“तुम्हाला? कुमार, दिवाळीला तुम्ही आणलेल्या पेढ्यांना बुरशी आली होती. आम्ही ती खरवडून पेढे खाल्ले!”

“मान द्यायला श्रीखंड आहे, पुरी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डोकं कशाला देता? आणि शेजाऱ्यांनाही सांगा. नळीवाल्या माणसाची चाल अडखळली, झोप वाढली, डोकं दुखून उलट्या झाल्या, ताप आला, तर त्याला वय म्हणू नका. नळी तुंबते, तिला जंतू लागतात. लगेच आणायचं. या वेळी नुसती झडप फिरली, म्हणून वाचलात.”

झडप पुन्हा जुळली. किरीटकुमारांनी आपल्या सोसायटीत घरोघर जाऊन, ‘डोक्यात नळी कुणाला आहे का?’ हे विचारायचं काम अंगावर घेतलं. जन्मात प्रथमच सासूने त्यांना चौथ्या पुरीला “पुरे” म्हटलं, आणि त्यांना ते आवडलं!

ओहोटी लागावी तसं अंगणातलं पाणी हळूहळू उतरलं. एका दुपारी लाभशंकरभाईंनी डोळे उघडले.

“रळियात! इतके दिवस होतीस कुठे?”

“इथेच होते. बोलत नव्हते.”

मंडळी, पाहुण्यासमोर गप्प बसण्याला आपण संस्कार म्हणतो. पण आपल्या माणसाचा जीव धोक्यात असताना जी जीभ दातांखाली राहते, तिला संस्कार म्हणू नये. बोलावं. जावई रुसला तर रुसू द्यावा. समजूत काढायला श्रीखंड आहेच.