एकतिसावी जखम

"वस्तरा बंद? मग आम्ही काय वॉर्डात माश्या मारायच्या?"

मोठ्या सिस्टर असं म्हणाल्या आणि बैठकीला आलेल्या सगळ्या नर्स हसल्या. नवी डॉक्टरही हसली.

"सिस्टर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वस्तरा फिरवला की कातडीला बारीक चिरा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांत जंतू वाढतात आणि पुढे जखम पिकते. केस तसेच ठेवले तर कमी पिकते. हे संशोधन जुनंच आहे. आपल्याकडे कुणी वाचलं नाही, एवढंच."

"अठ्ठावीस वर्षं हा हात चालतोय, डॉक्टर. माझ्या पेशंटच्या अंगावर रक्ताचा ठिपका पाहिलाय कुणी?"

"नाही. पण पिकलेल्या जखमा मोजल्यात कुणी?"

मोजल्या नव्हत्या.

"मीच मोजते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मग बघू."

मोजणं अवघड नव्हतं. हर्नियाचे पेशंट दोन वॉर्डांत पाळीपाळीने जात, एक इकडे, एक तिकडे. सर्जन तेच, टेबलही तेच. फरक एकच होता. तिकडच्या सिस्टरला केस काढायचा कंटाळा. "टाके काय केसांना घालायचेत?" म्हणायची. तिचं नाव निवांत सिस्टर पडलं होतं. मोठ्या सिस्टरांनी तिला यावरून चारचौघांत कितीदा तरी धारेवर धरलं होतं.

रेकॉर्डच्या खोलीत बसून त्यांनी तीन दुपारी पाच वर्षांचे केसपेपर चाळले. तिकडची ऑपरेशनं चारशेदहा; पिकलेल्या जखमा नऊ. इकडची चारशेबारा, पिकलेल्या एकतीस.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. एकतीसच.

तिसऱ्यांदा मोजताना त्या एका केसपेपरपाशी थांबल्या. हाताला आलेला कागद ठेवताही येईना आणि उलटताही येईना. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'वस्तऱ्याने पूर्ण तयारी.'

तो दादाचा होता. त्यांच्या थोरल्या भावाचा.

पाळीप्रमाणे दादा निवांत सिस्टरच्या वॉर्डात जायचा होता. "तिच्या हाती माझा भाऊ? मुळीच नाही," म्हणत त्यांनीच त्याला आपल्याकडे आणलं होतं. दादा संकोचून गेला होता. "अगं, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. लहानपणी तुझ्या वेण्या घातल्या मी. आता तू माझी हजामत करणार होय?"

"गप्प पड, दादा. हलू नकोस."

तो मुळीच हलला नव्हता. चौथ्या दिवशी जखम लाल झाली. मग विष रक्तात भिनलं. अकराव्या दिवशी दादा गेला. वहिनी अजून म्हणतात, "शेवटी तुझा हात लागला त्यांना, एवढं तरी समाधान आहे हो."

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी नावांची यादी डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरने आकडे वाचले आणि वर पाहिलं.

"यातला एक पेशंट पाळीने आलेला नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी ओढून आणलाय."

"मग तो धरता येणार नाही, सिस्टर. आपण निवडून आणलेला पेशंट धरला तर तुलना चुकते."

"काढायचा?"

"काढावा लागेल."

"त्याने निकाल बदलेल?"

"नाही. तीस झाल्या तरी फरक तेवढाच राहतो."

"मग उद्याच्या पेशंटांपासून वस्तरा बंद. मी सांगते सगळ्यांना. निवांत सिस्टरलाही सांगते, तुझं बरोबर होतं म्हणून."

डॉक्टरने पेन उचललं. "कोणतं नाव? द्या, मी खोडते."

"नको."

सिस्टरांनी फूटपट्टी लावली. रुग्णालयातल्या कागदावर काही खोडायचं तर गिरबटायचं नसतं. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी खोडणाऱ्याची सही हवी. त्यांनी दादाच्या नावावर एक सरळ रेघ ओढली. तारीख घातली. मग शेजारी, माहेरचं आडनाव लावून, सही केली.